बरे आहेत, जेवलेत

कुसगाव
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय हसिना,

पत्ता अरफाने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तुझी खुशाली विचारायला मी दर दोन-तीन महिन्यांनी तिला फोन करते, हे तुला ठाऊक नसेल. या वेळी तीच म्हणाली, "मावशी, अम्मी तुमचा फोन घेणार नाहीत. पत्र टाका. कागद आला तर निदान हातात तरी धरतील." म्हणून हा कागद. आपलं नर्सिंगचं हॉस्टेल सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. हाताला फक्त रिपोर्ट लिहायची सवय उरली आहे, तेव्हा मधेच कुठे 'पेशंट शांत झोपला' असलं काही आलं तर मनात हस.

साताऱ्याची हवा तुला मानवली असं अरफा म्हणाली. गुडघे दुखतात, पण जिना चढतेस. केस पुन्हा दाट आलेत. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगत नाही, कारण ते सांगायचा हक्क मी घालवला आहे. माझं म्हणशील तर मी त्याच खोलीत आहे. समोरच्या मोकळ्या जागेवर आता हॉटेल झालंय. शनिवार-रविवार पोरं पोहण्याच्या टाकीत गाणी लावून ओरडतात, आणि सोमवारी इतकं सामसूम होतं की स्वतःच्याच कुकरच्या शिट्टीने मी दचकते. तुमच्या अल्लाउद्दीनभाऊंच्या दुकानाच्या जागी स्कूटर भाड्याने मिळतात. त्या बाजूने मी जात नाही, भाजीला मागच्या रस्त्याने वळसा घालून जाते. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तुला कळवायचं होतं, राहून गेलं. एकटीला गॅसची टाकी चार महिने पुरते. परवा टाकी घेऊन आलेला माणूस म्हणाला, "ताई, तुम्ही जेवता का नाही?" ड्युटीवरच्या बोलण्याखेरीज त्या आठवड्यात मला कुणी विचारलेला तेवढाच प्रश्न.

हॉस्पिटल तेच, तळेगावचं. वॉर्डही तोच, आयसीयूतून बाहेर काढलेल्यांचा. तुला मी काय सांगणार, कोविडात तू तिथे झोपलेली आहेस. पण नातेवाईक अजून तसेच. पेशंट आयसीयूच्या दारातून बाहेर आला की त्यांना वाटतं सुटलो, खाली जाऊन पेढे आणतात. आणि इकडे माणसाला चमचा धरता येत नाही, थुंकी गिळता येत नाही, दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं की घामाने भिजतो. दिवस कोणता, आपण कुठे, हे लोक कोण, काही ठाऊक नसतं. घरचे म्हणतात, "बाबा असे का बघतात? ओळखत नाहीत का?" मग मी त्यांना सांगते, ते लांबून येतायत, थोडा वेळ लागेल. तू आलीस तेव्हा तुला छतातून पाणी गळताना दिसायचं. वरून थेंब पडतायत, गादी भिजतेय, म्हणून तू हातवारे करायचीस. कोरडं ठणठणीत छत. भ्रमात असलेल्या पेशंटच्या हो ला हो करू नये असं आपण दोघी शिकलो. तरी मी बादली आणून तुझ्या पलंगाशेजारी ठेवली होती आणि तू शांत झोपलीस. मला त्याचं कौतुक वाटलं होतं. खोटं इतकं सोपं असतं, आणि त्याने माणसाला इतकी झोप लागते, हे मी त्या दिवशी शिकले. तिथेच चुकलं बहुतेक.

आता ज्यांच्यामुळे लिहायला बसले त्यांचं सांगते. सप्टेंबर संपता संपता आमच्या वॉर्डात कोंडाजी नावाचे आजोबा आले. आंबीचे. निम्मी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेलेली, उरलेल्या निम्म्यात भात. ते आणि त्यांची बायको भामाबाई मोटारसायकलवरून तळेगावचा बाजार करून परतत होते, मागून टेम्पोने उडवलं. भामाबाई रस्त्यावरच गेल्या. कोंडाजींच्या बरगड्या फुप्फुसात घुसल्या, सतरा दिवस व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून नळी. ते शुद्धीवर यायच्या आत इकडे बायकोचं तेरावं उरकलं होतं. वॉर्डात आणलं त्याच दिवशी त्यांचा मुलगा सार्थक मला खिडकीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "सिस्टर, आबांना एवढ्यात सांगू नका. चालायला लागले की आम्ही सांगू. तोवर आईचा पाय मोडलाय, मामाकडे आहे म्हणा." पोरगा वाईट नव्हता. त्याने आईला अग्नी देऊन सतरा दिवस बापासाठी बाकड्यावर काढले होते. पण हसिना, तीच खिडकी. नवाज तिथेच उभा राहिला होता. "मावशी, अम्मी आत्ताच कुठे वाचलीय. अब्बांचं तिला सांगू नका. ती चालायला लागू दे." तेव्हा मी मान हलवली होती.

या वेळी मी नाही हलवली. सार्थकला म्हणाले, "मी आपणहून सांगणार नाही. तो तुझा मान. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि ते विचारणार." तो म्हणाला, "विचारतील कसे? बोलता कुठं येतंय त्यांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसताना विचारलंच. नळीमुळे आवाज नाही, हातात पेन धरायची ताकद नाही. एक बोट कसंबसं कपाळापर्यंत नेलं, कुंकवाएवढं गोल फिरवलं, आणि भुवया उंचावल्या. बायको कुठाय? मी मान खाली घातली आणि लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचत बसले. खोटं नाही बोलले, पण खरंही नाही. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दर वेळी दार उघडलं की मान तिकडे, आणि मग माझ्याकडे बघून ते बोट. मी तेवीस वर्षं हे काम करते आहे. सक्शनने नळीतला कफ ओढताना माणूस माशासारखा तडफडतो, ते मी बघू शकते. ते बोट मला बघवेना. पाचव्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले, मग सार्थकला बोलावलं, म्हणाले, आता तू सांग, मी शेजारी उभी राहते. तो रडला, चिडला, शेवटी तयार झाला. अकरा वाजता, उजेडात, उशी उंच करून, ऑक्सिजन थोडा वाढवून त्याने बापाचा हात धरला आणि सांगितलं. कोंडाजींनी डोळे मिटले ते मिटलेच.

मी खरं बोलायला लावलं म्हणून सगळं नीट झालं, असं मी तुला लिहिणार नाही. दोन दिवस त्यांनी नाकातल्या नळीतून जाणारं दूधही हाताने ढकलून दिलं. व्यायाम शिकवणारी मुलगी आली की तोंड भिंतीकडे. ताप चढला. नाडी एकशेतीसच्या खाली येईना. सार्थकने कार्यालयात लेखी तक्रार केली, सिस्टरने आमच्या पेशंटला धक्का दिला म्हणून. मेट्रनने मला बोलावून लेखी खुलासा मागितला. त्या दोन संध्याकाळी मी घरी येऊन नुसती बसून राहिले. मला वाटलं, हसिनाच्या वेळी खोटं बोलून चुकले, यांच्या वेळी खरं बोलून माणूस मारणार. कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. विचारावं अशी एकच होती आणि तिने माझा नंबर बंद केलेला.

तू केलंस ते बरोबर केलंस. तुझ्याबाबतीत मी जे केलं ते मी स्वतःशीसुद्धा कधी सलग मांडलं नव्हतं. आता मांडते. गळ्यातल्या नळीमुळे तुलाही बोलता येत नव्हतं. पहिल्यांदा हातात पेन धरता आलं तेव्हा तू वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलंस, 'नवाजचे अब्बा?' आणि मी म्हणाले, "बरे आहेत. जेवलेत." नुसतं बरे आहेत म्हणून थांबता आलं असतं. पण तू नर्स, नुसत्या 'बरे'वर तुझा विश्वास बसला नसता, म्हणून मी तपशील जोडला. मग रोज जोडत गेले. आज खिचडी खाल्ली. आज ऑक्सिजन कमी केला. आज तुझी चौकशी करत होते. तू 'फोन' लिहायचीस, मी म्हणायचे त्या वॉर्डात फोन चालत नाही. रमजान चालू होता, तू लिहिलंस, 'रोजे धरू देऊ नको त्यांना, हट्टी आहेत.' मी म्हणाले, "धरू देत नाही." हसिना, त्यांना जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

आणि सगळ्यात वाईट ते पुढेच. तू उभी राहायला तयार नव्हतीस, पाय थरथरायचे, तू रडायचीस. तेव्हा मी म्हणाले, "दारापर्यंत चाललीस की भेटवते." दुसऱ्या दिवशी तू वॉकर मागून घेतलास. पहिल्या दिवशी चार पावलं, मग सात, मग बारा. बाराव्या पावलाला दार आलं. तू दाराच्या चौकटीला धरून बाहेरच्या पॅसेजमध्ये डावीकडे बघितलंस, उजवीकडे बघितलंस, आणि माझ्याकडे बघून हसलीस. आख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुझ्या कागदावर मी लिहिलं, 'पेशंटची प्रगती उत्तम.' अकराव्या दिवशी नवाज तुला घेऊन गेला आणि घरी नेऊन सांगितलं. महिनाभराने तुझा फोन आला, आवाज अजून घोगरा. तू म्हणालीस, "रेणुका, तू माझे पाय त्यांच्या नावावर चालवलेस." नवाजने सांगितलं म्हणून, डॉक्टरांची संमती होती म्हणून, तुझा जीव वाचावा म्हणून, ही सगळी कारणं खरी आहेत. पण कुणी मला खिचडीचं खोटं सांगायला लावलं नव्हतं, आणि दाराची लालूच दाखवायला तर नाहीच. ते माझं.

कोंडाजींचं पुढचं सांगते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी नळीचं तोंड बंद करून आवाज येतो का बघायचं होतं. सार्थक समोर उभा, माझ्याशी न बोलता. कोंडाजी आधी खोकले, मग फाटक्या आवाजात त्यांचे पहिले शब्द आले, "येकली हुती का रं ती?" सार्थकला आधी कळलंच नाही. ते पुन्हा म्हणाले, "तुजी आय. रस्त्यावं. येकली हुती का?" तेव्हा पोरगा म्हणाला, "न्हाई आबा." कंपनीच्या कँटीनमध्ये काम करणारी एक बाई पाळी सुटून घरी चालली होती, ती रस्त्यातच बसली आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत भामाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन होती. पदराने तोंड पुसलं, पाणी लावलं ओठांना. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा हे सार्थकला कळलं होतं. इतके दिवस त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. कोंडाजी तेव्हा पहिल्यांदा रडले, मोठ्याने, नळीतून हवा सुटत होती तरी. रडून झालं आणि म्हणाले, "त्या बाईला घरी बलवा. साडीचोळी करू तिला." संध्याकाळी त्यांनी दह्याचे चार चमचे खाल्ले.

पुढे महिना गेला. बायकोच्या महिन्याच्या दिवसाला त्यांना घरी जायचं होतं, ते जमलं नाही, पण दिवाळीनंतर गेले, वॉकर घेऊन, स्वतःच्या पायाने. सार्थकने तक्रार मागे घेतली, माझ्याशी मात्र शेवटपर्यंत जेवढ्यास तेवढंच बोलला, त्यालाही माझी हरकत नाही. निघताना कोंडाजी दारात थांबले. म्हणाले, "शिस्टर, तुमी सांगाय लावलं म्हनून हितं रडून तरी घेतलं. न्हाईतर मी हसत घरी गेलो असतो आन् उंबऱ्यावं पडलो असतो." बाकीचे लोक चपला शोधत होते, कुणी ऐकलं नाही. मी औषधांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला तुझा उंबरा दिसत होता. मी तो कधी पाहिलेला नाही, तू हसत आत गेलीस का, नवाजने कुठे बसवून सांगितलं, कोण जवळ होतं, मला काही माहीत नाही. माझी पाळी तीनला संपते. मी तुला दारापर्यंत चालवलं आणि तिथून पुढे तुझं काय झालं ते बघायला मी नव्हते.

पण मी हे पत्र माफीसाठी लिहीत नाही. माफी मागायची असती तर चार वर्षांपूर्वी साताऱ्याची एसटी धरली असती. कोंडाजींनी जे विचारलं तेच तू मला त्या शेवटच्या फोनवर विचारलं होतंस. "ते एकटे होते का गं?" आणि मी म्हणाले होते, "मला माहीत नाही, त्या दिवशी माझी तिकडे ड्युटी नव्हती, मला दोन दिवसांनी कळलं." हसिना, ते बारावं खोटं होतं, आणि ते मी कुणाच्या सांगण्यावरून बोलले नाही. ते फक्त स्वतःला वाचवायला बोलले. खरं सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की मी त्यांच्या पलंगापासून निघून, पीपीई किट बदलून, हात धुऊन, खिडकीपाशी नवाजपुढे मान हलवून, सरळ तुझ्याकडे आले होते, आणि तू कागदावर नाव लिहिलंस तेव्हा त्यांना जाऊन पाऊण तासही झाला नव्हता. हे तुला कळू द्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून साडेचार वर्षं तुला असं वाटत राहू दिलं की ते अनोळखी लोकांत एकटे गेले. त्यामुळेच आता मला झोप येत नाही. तर ऐक. २९ एप्रिल, गुरुवार. त्या महिन्यात आम्हाला कुठलाच एक वॉर्ड नव्हता, दुपारी एकपासून मी अल्लाउद्दीनभाऊंच्या वॉर्डात होते. पावणेदोनला त्यांनी मला ओळखलं, मी किटमध्ये होते तरी. डोळ्यांवरून ओळखलं म्हणाले. मास्क सरकवून विचारलं, "हसिना?" मी सांगितलं, परवा तुमची हसिना मशीनवरून सुटली, स्वतःचा श्वास घेतेय. हे खरं होतं, आणि ते त्यांना कळलं. ते म्हणाले, "मग झालं." थोड्या वेळाने म्हणाले, "मी इथं असा आहे हे तिला सांगू नको, घाबरते ती." त्यांच्या या शब्दाचा आडोसा मी घेणार नाही. आजारी आहे सांगू नको म्हणाले होते, गेल्यावर लपव असं म्हणाले नव्हते. मग त्यांनी ओठ हलवायला सुरुवात केली, तुझी दुआ हॉस्टेलमध्ये कानावर पडायची तसलं काही. अर्ध्यात श्वास पुरेना. पुढचं मला येत नव्हतं. येत असतं तर मी म्हटलं असतं. मी वरचा हातमोजा काढला, एकच पातळ ठेवला, आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बसले. शेजारच्या पलंगावरून दोनदा हाक आली, मी उठले नाही. सव्वादोनला हात सैल झाला. त्यानंतरही मी थोडा वेळ धरून होते. ते एकटे नव्हते, हसिना.

उत्तर नको. एवढं वाचलंस तर पुरे.

जशी असेन तशी, पण तुझीच,
रेणुका